बंगल्यापुढची हरळी

अमरावती
चैत्र वद्य पंचमी, शके १७८६

गं. भा. पार्बताबाई यांस मनकर्णेचा नमस्कार. वि. वि. अशी की, पत्राच्या डोक्यावर बाई आणि यांस लिहायचं असतं म्हणून लिहिलं. खाली मात्र तुला तूच म्हणणार आहे.

आज सकाळी पायरीवर बसले आणि दर्यापूरकडचं आपलं वावर आठवलं. मी लग्न होऊन तुमच्या घरी आले तेव्हा नऊ वर्षांची होते आणि तूही तेवढीच. मामंजी आपल्या दोघींना एकेक खुरपं देऊन धुऱ्याबांधावर हरळी खणायला बसवत. कोणाचं मूळ न तुटता जास्त लांब निघतं अशी आपली पैज असे. एकदा तू आपल्या दोघींच्या उंचीपेक्षा लांब पांढरं मूळ काढलंस आणि ते गळ्यात माळेसारखं घालून घरी आलीस. सासूबाईंनी ते आधी चुलीत घातलं आणि मग तुला विचारलं की काय गं, ही अवदसा अंगणात रुजली असती तर? त्या दिवशी तू जेवली नाहीस. म्हणून मीही जेवले नाही, आणि मागच्या दारी दोघींनी गूळ-शेंगदाणे खाल्ले.

ती अवदसा आता माझ्या अंगणात आहे आणि मी तिला पाणी घालते आहे.

तुला कळलंच असेल की तुझ्या दादांनी कॅम्पाजवळचा बंगला घेतला. कापूस खरेदी करणारा साहेब विलायतेला परत गेला आणि जाताना घर यांना देऊन गेला. घर चांगलं आहे, दारं जरा उंच आहेत. पण पुढं दीड एकर नुसतं गवत! साहेब त्याला लान म्हणे. आपल्याकडे त्याला पडीत म्हणतात, पण हे यांच्यापुढं बोलायची सोय नाही. साहेबाने सहा वर्षं खपून ते केलं आणि ते राखाल असं यांच्याकडून वचन घेतलं. वर एक कागद दिला, त्यात सात कलमं. पाणी किती, कापायचं कधी, दाबायचं कशाने. यांनी तो दुभाष्याकडून वाचून घेतला आणि देवघरात ठेवला. मी रोज त्यालाही हळदकुंकू वाहते.

घराबरोबर अब्दुल सत्तार भिश्तीही आला आहे. दिवसभर मशकीने पाणी घालतो. काळी जमीन ती, वरून हिरवी दिसली तरी खाली भेगा पडतातच. परवा माझ्या पायातली मासोळी निसटून अशाच एका भेगेत गेली. सत्तार म्हणतो की बाई, आता ती पाताळातल्या बाईच्या पायात गेली असेल.

दिवाळीत तुला इकडे राहायला ये म्हटलं तर तू नाही म्हणालीस. भाऊजी जाऊन दोन वर्षं झाली. एवढ्या अकोल्यात तू एकटी, एक शेळी आणि शेजारची कुलसुमबी, एवढाच तुझा गोतावळा. आता घर मोठं आहे. विचार कर.

लोभ आहेच. तो हरळीसारखा असू दे, खणला तरी न जाणारा.

तुझी,
मनकर्णा

*

अकोला
ज्येष्ठ शुद्ध द्वितीया, शके १७८६

सौ. मनकर्णावहिनीस पार्बताबाईचा आशीर्वाद. वयाने मी चार महिन्यांनी मोठी आहे, म्हणून आशीर्वादच घे.

तुझं पत्र वाचून मी एवढी हसले की कुलसुमबी भिंतीवरून डोकावून विचारू लागली, काहून हसून राहिली. तिला सांगितलं की माझ्या भावाने हरळी पेरली आहे. ती म्हणाली, तोबा, त्याची तब्येत तर ठीक आहे ना?

महादेवदादाला लहानपणी हरळी खणायला बोलावलं की त्याचं पोट दुखे. पंतोजी शिकवायला बसले की डोकं दुखे. कणगीमागं बसून आपण दोघी अक्षरं शिकलो आणि तो शिकायला बसून नाही शिकला. आता बघ, दुसऱ्याकडून गवत वाचून घेतो. त्याला सांग की बहिणीने विचारलं आहे, पोटाचं कसं आहे.

साहेबाच्या सात कलमांत शेणखत आहे का? नसेल तर तो कागद सुनेला चूल पेटवायला दे. गोठ्यामागचा जुना खताचा ढीग उपसून पाऊस लागायच्या आधी सगळीकडे पातळ पसर. भेगाही बुजतील. दीड एकराला मशकीने पाणी म्हणजे हत्तीला चमच्याने पेज.

माझं अक्षर मोठं आलं आहे, ते बघून हसू नकोस. बोरू जाड कापला गेला.

येण्याचं म्हणतेस, तर तिथे येऊन मी काय करू? स्वयंपाकाला तुझ्या दोन सुना. गोठ्यात गडी. आणि तू स्वतःच पायरीवर बसून गवत बघत असतेस. दोघींनी बघितल्याने ते काही लवकर वाढणार नाही. वहिनी, तुला माहीत आहे, कास्तकाराच्या लेकीला हात बांधून भाकर गिळता येत नाही. इथे मी माझी शेळी दोहते, शेजारच्या चार घरांचं दळण दळते. तुझ्या घरी माझ्या हाताजोगं काम असेल त्या दिवशी बोलाव. उगाच केलेलं काम नको, खरं असलेलं. तोवर दिवाळीला तीन दिवस येईन आणि चौथ्या दिवशी भांडून जाईन.

तुझी मासोळी खताखाली गाडू नकोस म्हणजे झालं.

कळावे. माया पातळ होऊ देऊ नकोस, खत तेवढं पातळ.

पार्बता

*

अमरावती
आषाढ वद्य नवमी, शके १७८६

गं. भा. पार्बताबाई यांस मनकर्णेचा साष्टांग नमस्कार. आज साष्टांगच, कारण उभी राहण्याची माझी छाती नाही. लान गेलं.

कसं गेलं ते ऐक, आणि त्यात तुझा हात किती आहे तेही ऐक. तू म्हणालीस म्हणून गोठ्यामागचा ढीग पसरला. गवत फोफावलं, पण त्याबरोबर लव्हाळाही उठला. साहेबाच्या कागदात लिहिलं आहे की लव्हाळा दिसता कामा नये. सत्तार एकटा किती उपटणार? म्हणून मी दर्यापूरकडून आपल्या ओळखीच्या बारा निंदणाऱ्या बाया बोलावल्या. सकाळी त्यांना खुरपी दिली आणि सांगितलं की बायांनो, नको ते गवत नीट निंदून काढा. मग मी त्यांच्या जेवणाचं बघायला आत गेले.

तिसऱ्या प्रहरी बाहेर आले तर दीड एकर काळंभोर! हरळी गेली, लव्हाळा गेला, साहेबाने कडेला लावलेलं कसलंसं विलायती फूलझाडही गेलं. धुऱ्यावर गवताचे ढीग रचलेले. आणि मधोमध, पार्बता, तेवीस पऱ्हाट्या उभ्या, कपाशीच्या! खताच्या ढिगात बैलांच्या गव्हाणीतली सरकी असणार, ती उगवलेली. बायांनी त्या प्रत्येकीच्या बुडाशी माती लावून ठेवली होती. मी कपाळाला हात लावला तर त्यांच्यातली म्हातारी मैनाबाई म्हणते, पाटलीणबाई, तुमचं पेरणं लय पातळ झालं, पुढच्या साली जरा दाट पेरा.

नको ते गवत काढा म्हटल्यावर वऱ्हाडातली बाई दुसरं काय करणार? मीही तेच केलं असतं. सगळ्यांना जेवू घातलं.

संध्याकाळी हे बाजारातून आले. फाटकापाशी बैलांची रेंगी थांबली आणि हे उतरेनात. मग उतरले, चपला हातात घेतल्या आणि वावरात चालावं तसे सऱ्यांमधून चालत आले. मी आत देवघरात साहेबाच्या कागदाशेजारी बसून होते. त्यांनी पाणी मागितलं, प्यायले आणि म्हणाले की ती कोपऱ्यातली पऱ्हाटी जोमदार आहे. एवढंच बोलले आणि जेवले नाहीत. साहेबाला दिलेलं वचन गेलं, हे त्यांना लागलं आहे.

आता दुसरं. लोणच्याची बरणी घेऊन रऊफ गाडीवान तुझ्याकडे आला होता. परत आल्यावर तुझी खुशाली विचारली तर तो बैलच सोडत बसला. खोदून विचारलं तेव्हा म्हणाला की बाईंनी मला खोकल्यावरून ओळखलं. बरणी हातात घेऊन फळीवर ठेवायला गेल्या आणि फळीच्या चार बोटं अलीकडे ठेवली. आवाज ऐकून हसल्या आणि त्याला म्हणाल्या की वहिनीला सांग, लोणचं झकास मुरलं होतं.

बोरू जाड कापला गेला होता ना गं? मला खरं लिही.

लोभ राखणे. घाबरलेली,
मनकर्णा

*

अकोला
श्रावण शुद्ध तृतीया, शके १७८६

सौ. मनकर्णावहिनीस आशीर्वाद.

रऊफच्या पोटात पाणी राहत नाही. मशक त्याला द्यायला हवी होती आणि रेंगी सत्तारला.

खरं हवं ना, तर घे. ताकातून बघावं तसं दिसतं. डावीकडून दाट ताक, उजवीकडून पातळ. वैद्य म्हणतो की मोतीबिंदू आहे, पिकू द्या, मग बघू. शेळी दोहता येते. जातं फिरवता येतं. चूल ऊन लागते तिथे असते. माणूस बोललं की कळतं. अडत नाही.

दादाला यातलं काही सांगायचं नाही. सांगितलंस तर तो उद्या रेंगी घेऊन दारात उभा राहील, मला उचलून नेईल आणि तुमच्या त्या उंच दारात पाट टाकून बसवील. येणारा-जाणारा विचारेल की ही कोण. कोणीतरी सांगेल की पाटलांची बहीण, डोळ्यांनी अधू आहे बिचारी. त्या बिचारीपायी मी येणार नाही, वहिनी. तुझ्या गळ्याची शपथ. इथे मला बिचारी म्हणायची कोणाची हिंमत नाही, कुलसुमबीचीसुद्धा नाही.

हरळी मेली म्हणून रडतेस? तीस वर्षं मी तिला मारत होते, ती मेली नाही. बारा बाया एका दिवसात मारतील? काढून टाकलेले ढीग अजून असतील तर त्यातली हरळी निवड, बोटबोट तुकडे कर, शेणकाल्यात कालव आणि त्या रिकाम्या जागेवर सारवल्यासारखी पसर. वरून लाकडाचा ओंडका फिरव. पंधरा दिवस तिकडे बघू नकोस, तू बघितलंस की काहीतरी होतं.

पऱ्हाट्या उपटू नकोस. दादाला आवडल्या आहेत.

तुझी होते आणि आहे,
पार्बता

*

अमरावती
भाद्रपद शुद्ध सप्तमी, शके १७८६

गं. भा. पार्बताबाई यांस मनकर्णेचा नमस्कार.

शपथ पाळली आहे, यांना काही बोलले नाही. आणि लान परत आलं आहे! ढिगांतल्या मुळ्या तू सांगितलंस तशाच कालवून सारवल्या. एवढं सारवण माझ्या लग्नातही झालं नसेल. आता सगळीकडे हिरवं आहे आणि मधे तेवीस पऱ्हाट्या राजासारख्या उभ्या आहेत. कॅम्पातला एक साहेब परवा बघून गेला. ही कोणती शोभेची झाडं म्हणून विचारलं, तर तुझे दादा न हसता म्हणाले की ही आमच्या बहिणीची आवड.

पण लव्हाळाही परत आला. सारवताना त्याच्या गाठी आत गेल्या असणार. आणि चवथीला त्याच्यापायी काय झालं ते ऐक.

गणपतीला दूर्वा हव्या म्हणून सकाळपासून गल्लीतली पोरंबाळं फाटकाशी जमलेली. जिला आपण जन्मभर शिव्या दिल्या ती हरळी त्या दिवशी दूर्वा होते, तेवढाच तिचा मान. मी कामात होते, म्हणून सत्तारलाच म्हटलं की बाबा, देवाला तीन-तीनाची हवी, बघून खुड. बिचाऱ्याने ओंजळ भरून आणली. मी आणि दोन्ही सुना, तिघींनी सहा डोळ्यांनी बघून एकवीस-एकवीसच्या जुड्या बांधायला घेतल्या. मी जुडी बांधताना डोळे मिटून देवाचं नाव घेत होते. तेवढ्यात बोटाला धार लागली. चाचपून बघितलं तर काडी तिधारी! तीन-तीनाची म्हटल्यावर त्याने लव्हाळा खुडला होता. डोळे उघडले तर सगळं सारखंच हिरवं. पुन्हा मिटले, तर हरळी वेगळी, गोल आणि पेरापेरांची, आणि लव्हाळा वेगळा. थोरल्या सुनेला बघून निवडायला सांगितलं, तिने जुडीत पाच चुकवले. मी डोळे मिटून एकही चुकवला नाही.

तेव्हापासून रोज सकाळी मी डोळे मिटून लानावर बसते. सत्तारला वाटतं माझ्यावर कोणीतरी करणी केली आहे. पण माझी कंबर अर्ध्या घटकेत धरते आणि दीड एकरातलं माझं एक चटईभर होतं. वर मी मूळ तोडते. लव्हाळ्याचं मूळ तुटलं की खाली गाठ राहते आणि एकाचे चार होतात. न तोडता मूळ काढणारी या वऱ्हाडात मला एकच बाई माहीत आहे.

म्हणून हे निमंत्रण समजू नकोस. तू म्हणालीस तसं हाताजोगं, खरं असलेलं काम माझ्याकडे आहे. दीड एकर आहे, एका हंगामात संपणार नाही. त्याला डोळे नकोत. डोळेवाल्यांनीच त्याची वाट लावली आहे. सकाळी ऊन चढेपर्यंत निंदायचं आणि दुपारी मला शिव्या द्यायच्या. दुसरी माणसं बघून झाली. यांचं वचन कसं राखायचं ते आता तू सांग.

बिचारी कोणी म्हणणार नाही. म्हटलंच तर खुरपं तुझ्या हातात असेल.

लोभ आहे की नाही ते या पत्राच्या उत्तरावरून कळेल.

मनकर्णा

*

अकोला
आश्विन शुद्ध प्रतिपदा, शके १७८६

सौ. मनकर्णावहिनीस आशीर्वाद. ओळी एकमेकींवर चढल्या असतील तर निंदून वाच.

तुझं पत्र कुलसुमबीच्या सुनेच्या भावाने वाचून दाखवलं. लव्हाळ्याच्या जागी तो हसला आणि शेवटाला कुलसुमबी रडली. मी दोन दिवस विचार केला. पहिल्या दिवशी वाटलं की ही मनकर्णा लबाड आहे, माझ्यासाठी लव्हाळा मुद्दाम लावला असेल. कणगीमागं बसून पंतोजींना फसवणारी बाई आहे ही. दुसऱ्या दिवशी मोर्णा नदीच्या काठी गेले, दोन्ही गवतं हाताने खुडली आणि कुलसुमबीला म्हटलं की मिसळून माझ्या पदरात टाक. तिने मूठमूठ टाकली. मी निवडून दिली. एक चुकला नाही. तिने तीनदा मिसळून बघितलं, मग म्हणाली की जा बाई, तुझं काम तुले बोलावून राहिलं.

तर येते. लबाडी असेल तर आल्यावर बघून घेईन. दसऱ्याच्या आधी रऊफला रेंगी घेऊन पाठव. दादाला आता डोळ्यांचं सांग, पण लव्हाळ्याचं आधी सांग आणि डोळ्यांचं नंतर. त्याला हेही सांग की साहेबाचं वचन त्याने दिलं असलं तरी ते राखणार मी आहे, म्हणून कागद देवघरातून काढून माझ्या उशाशी ठेव. वाचता येत नाही तर काय झालं, तोही कुठे वाचत होता.

पऱ्हाट्यांचा कापूस फुटला की मी वेचणार. शोभेची झाडं म्हणे.

आता घरातल्या वस्तूंचं. रऊफला हे नीट समजावून पाठव, म्हणजे इथे मला तोंडाने सांगायला नको. मी सांगायला लागले की कुलसुमबी पदर डोळ्याला लावते आणि मग दोघींचं काम राहतं.

शेळी कुलसुमबीला द्यायची. ती नाही म्हणेल. रऊफने शेळी तिच्या दावणीला बांधून निघून यायचं, मागं वळायचं नाही. जातं तिच्या सुनेला, फरजानाला. शेजारच्या चार घरांचं दळण आता तिच्याकडे जाईल. जात्याचा खुंटा सैल आहे, ठोकून द्यायचा. मोठा पितळी हंडा मारुतीच्या देवळात, वैशाखात वाटसरूंना पाणी होईल. यांचं पागोटं आणि काठी दादाला. पागोटं त्याच्या डोक्याला मोठं होईल, पण त्याने बांधावं. फुटलेल्या बरणीचं झाकण तेवढं शाबूत आहे, ते तुला. त्याच्या मापाची नवी बरणी बघून ठेव. तुझी मासोळी कोणालाही शोधू देऊ नकोस. ती माझ्या बोटांना सापडली तर तुझी, आणि तुझ्या डोळ्यांना सापडली तर पैजेत माझी.

खुरपं कोणाला द्यायचं नाही. ते या पत्राबरोबरच पुढं पाठवते आहे. धार लावून ठेव, बंगल्याच्या पायरीवर, फाटकातून आत येताना माझ्या उजव्या हाताला.

पार्बता